पुस्तक उघडं, घड्याळ चालू

सरावात हमखास भेटणारा एक प्रश्न असा असतो: क्लस्टरमधला एक नोड ‘नॉट रेडी’ दाखवतोय, तो चालू करा आणि मशीन रीबूट झालं तरी चालू राहील असं बघा. अ, ब, क, ड असे पर्याय नाहीत. समोर काळं टर्मिनल आणि उलटं मोजणारं घड्याळ. नोडवर शिरायचं, कुबेलेट ही सेवा का पडली ते लॉगमध्ये वाचायचं, फाइलमधला चुकलेला पाथ दुरुस्त करायचा, सेवा सुरू करायची आणि ‘एनेबल’ही करायची. हे शेवटचं राहिलं तर नोड आत्ता चालतो, रीबूटनंतर पुन्हा मान टाकतो आणि काम अर्धवट ठरतं. सवयीच्या हाताला याला चार-पाच मिनिटं लागतात. ज्यानं हे फक्त व्हिडिओत पाहिलंय, त्याला वीसही पुरत नाहीत.

ही सीकेए, म्हणजे सर्टिफाइड कुबरनेटिस ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षा. कुबरनेटिस ही गुगलनं २०१४ साली खुली केलेली प्रणाली. एखादं ॲप अनेक मशीनांवर पसरलेलं असतं तेव्हा त्याचा कुठला भाग कुठे चालवायचा, एक पडला की दुसरा कसा उभा करायचा, हे ती बघते. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत डेव्हऑप्सचं काम करणाऱ्यांना ती रोजची. लिनक्स फाउंडेशन आणि सीएनसीएफ (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) ही परीक्षा २०१७पासून घेतात. वेळ दोन तास, प्रश्न पंधरा ते वीस, पास व्हायला ६६ टक्के. आणि केंद्र म्हणजे तुमच्या घरातली खोली.

प्रात्यक्षिक परीक्षा आयटीला नवी नाही. सिस्कोची सीसीआयई लॅब १९९३पासून आहे. तिच्यासाठी उमेदवाराला लॅबच्या गावी जावं लागतं. पर्यायी प्रश्नांच्या परीक्षांचं मात्र ‘डंप’नी वाटोळं केलं. फुटलेले प्रश्न पाठ करून प्रमाणपत्र मिळवणारे इतके झाले, की मुलाखत घेणारा त्या कागदाकडे बघेनासा झाला. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ घोकून दहावी पार केलेल्या आपल्या पिढ्यांना यात नवल वाटू नये. टर्मिनलपुढे बसवलं की घोकंपट्टी फारशी चालत नाही, कारण तपासलं जातं ते तुम्ही मशीनची शेवटी काय अवस्था केलीत ते. कुठल्या वाटेनं गेलात याच्याशी देणंघेणं नाही.

शिवाय ही परीक्षा पुस्तक उघडं ठेवून देता येते. कुबरनेटिसचं अधिकृत डॉक्युमेंटेशन परीक्षेच्याच ब्राउझरमध्ये उघडायची मुभा असते. ही मुभाच अनेकांना बुडवते असं माझं मत. ‘तिथे बघून लिहू’ म्हणणारा सरासरी सात मिनिटांच्या प्रश्नात पाच मिनिटं पान शोधतो. डॉक्युमेंटेशन वाचायला नव्हे, उचलायला वापरायचं. पर्सिस्टंट व्हॉल्यूमचा नमुना कुठल्या पानावर आहे, नेटवर्क पॉलिसीचा कुठल्या, आणि शोधपेटीत कुठले दोन शब्द टाकले की तो वर येतो, हे आधीच ठाऊक हवं.

बाकीचं काम बोटांचं. यामल फाइल कोरी लिहायला बसू नका. कुबसीटीएलला ‘ड्राय रन’ सांगून सांगाडा काढून घ्या आणि व्हिममध्ये दुरुस्त करा. यामलमध्ये इंडेंटेशनला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. एका टॅबपायी फाइल नाकारली जाते आणि घाईत ती चूक डोळ्यांना दिसत नाही. टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्ट कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून करावं लागतं. ही किरकोळ वाटणारी गोष्ट बोटांत नसेल तर दर प्रश्नाला चिडचिड. प्रत्येक प्रश्नासाठी वेगळ्या मशीनवर एसएसएच करून जायचं आणि काम झालं की परत यायचं, हेही अंगवळणी पाडा. योग्य उत्तर चुकीच्या मशीनवर लिहिलं तर ते शून्यच.

सरावासाठी मोठा खर्च लागत नाही. सोळा जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन उभी करा, प्रत्येकाला दोन जीबी द्या आणि कुबॲडमिननं क्लस्टर स्वतः बांधा. मग तो मोडा. एपीआय सर्व्हरच्या मॅनिफेस्टमध्ये एक अक्षर बदला, कुबेलेट थांबवा, डीएनएसचे पॉड शून्यावर आणा. शक्य असेल तर मोडायचं काम मित्राला द्या, म्हणजे काय बिघडलंय ते आधी कळणार नाही. अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वजन, ३० टक्के, ‘ट्रबलशूटिंग’ला आहे, बहुतेक जण मात्र नवं काही उभारायचाच सराव करतात. परीक्षेच्या शुल्कात किलर-एसएच या सिम्युलेटरची दोन सत्रं मिळतात, प्रत्येकी छत्तीस तास चालू राहणारी. त्यातले प्रश्न खऱ्या परीक्षेहून अवघड असतात, तेव्हा तिथे पडलेले गुण बघून धीर सोडू नका. आणि जुने कोर्स जपून घ्या. डॉकरचा जुना जोड कुबरनेटिसच्या मे २०२२च्या १.२४ आवृत्तीत काढून टाकला गेला, फेब्रुवारी २०२५मध्ये अभ्यासक्रम बदलून हेल्म, कस्टमाइझ, गेटवे एपीआय आले. त्याआधीचा व्हिडिओ कितीही चांगला असला तरी अपुरा.

आता खोलीकडे. परीक्षेआधी वेबकॅम हातात धरून सगळी खोली दाखवावी लागते: चार भिंती, टेबल, टेबलाखाली. टेबलावर कागद, पेन, फोन काही नको. भिंतीवर चित्र चालतं, लिहिलेला किंवा छापलेला कागद चालत नाही. म्हणून कालनिर्णय आदल्या दिवशीच उतरवा. पाणी स्वच्छ पारदर्शक बाटलीत, वरचं लेबल काढून. स्क्रीन एकच. दोन तास खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती आधी मोडा, कारण ओठ हलले किंवा तोंडावर हात गेला की पर्यवेक्षकाचा चॅटवर इशारा येतो. ऑफिसचा लॅपटॉप शक्यतो नकोच. कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर आणि व्हीपीएन परीक्षेच्या ब्राउझरला अडवतात. राउटरला यूपीएस लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

नावाकडेही बघा. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि नोंदणी करताना आपण फक्त नाव-आडनाव टाकून मोकळे होतो. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे, अन्यथा दारातूनच परत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, पण पासपोर्ट जुना असलेल्या मुलींनी तर आधीच तपासावं.

हे सगळे नियम एक गोष्ट गृहीत धरतात: उमेदवाराला स्वतंत्र, शांत, दार लावता येणारी खोली आहे. चाळीत, वन आरकेत किंवा चौघांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती कुठून आणायची? ‘घरबसल्या परीक्षा’ ही सोय आहे खरी, पण ज्याचं घर ऐसपैस त्याची. अमेरिकेत ओहायोच्या संघीय न्यायालयानं २०२२मध्ये एका सरकारी विद्यापीठानं विद्यार्थ्याच्या खोलीचं असं कॅमेरानं स्कॅनिंग करणं घटनाबाह्य ठरवलं. तो निकाल सरकारी संस्थेपुरता होता. खासगी प्रमाणपत्रांना तो लागू नाही, आणि आपल्याकडे तर शुल्क भरतानाच आपण सगळ्याला होकार दिलेला असतो. परीक्षा घेणाऱ्यांनी शहरोशहरी केंद्राचा पर्यायही द्यावा, ही मागणी मला रास्त वाटते. तोवर मित्राचं रिकामं घर किंवा ओळखीच्या ऑफिसमधली सुटीच्या दिवशीची बैठकीची खोली, काचेची नसलेली, हाच उपाय.

शुल्क ४४५ डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास. वर्षअखेरीच्या सेलमध्ये, नोव्हेंबरच्या शेवटी, ते बरंच उतरतं. घाई नसेल तर तेव्हाच घ्या. निकाल चोवीस तासांत ईमेलनं येतो. नापास झालात तर त्याच पैशांत आणखी एक संधी मिळते, पण खरेदीपासून बारा महिन्यांच्या आत. म्हणून पहिली परीक्षा अकराव्या महिन्यावर ढकलू नका.