साडेपाच मीटर कागद आणि ७२२ नंबरची मर्सिडीज

१ मे १९५५ च्या सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी इटलीतल्या ब्रेशिया शहरात एक उघडी, चंदेरी मर्सिडीज लाकडी उतारावरून खाली रस्त्यावर आली. बॉनेटवर लाल आकडा होता ७२२, म्हणजे सुटण्याची वेळ. स्टिअरिंगवर पंचविशीतला इंग्रज स्टर्लिंग मॉस होता. शेजारी लाल दाढीचा, चष्मेवाला, बुटका पत्रकार डेनिस जेन्किन्सन. त्याच्याजवळ अ‍ॅल्युमिनियमची एक चपटी पेटी होती.

या गाडीवर आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं इंजिनावर आहे. पण त्या दिवसाची खरी गंमत पेटीत होती.

‘मिल्ले मिल्या’ ही हजार मैलांची शर्यत १९२७ मध्ये ब्रेशियाच्याच चार मित्रांनी सुरू केली. ग्रां प्री आपल्या गावातून उचलून मोंझाला नेली, हा राग त्यामागे होता. शर्यतीसाठी वेगळा ट्रॅक बांधायची भानगड नव्हती. लोकांचे रोजचे रस्ते हाच ट्रॅक. ब्रेशियाहून पूर्वेला पादोवा, मग एड्रियाटिकच्या किनाऱ्याने पेस्कारा, तिथून डोंगर ओलांडून रोम, आणि फ्लॉरेन्स, फुताचा घाट, बोलोन्या करत परत ब्रेशिया. १९५५ मध्ये हे अंतर १,५९७ किलोमीटर भरलं. मुंबईहून निघून दिल्ली गाठायची आणि तिथे न थांबता आणखी दीड-दोनशे किलोमीटर पुढे जायचं, तेही दिवस मावळायच्या आत, असा हा मामला. पहिल्या वर्षीच्या विजेत्यांना एकवीस तास लागले होते.

गाडीचं नाव ३०० एसएलआर. एका रांगेत आठ सिलिंडर, २,९८२ सीसी, तीनशेच्या आसपास अश्वशक्ती, आणि बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. साध्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. इंजिन फार वेगात फिरलं की स्प्रिंग मागे पडते. मर्सिडीजच्या अभियंत्यांनी स्प्रिंगच काढून टाकली. व्हॉल्व्ह उघडायला एक कॅम आणि ओढून बंद करायला दुसरा. सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी २७० किलोमीटरच्या पुढे जात असे.

पण एवढा वेग वापरायचा कुठे? स्पर्धकांतल्या इटालियन मंडळींना रस्ता तोंडपाठ होता. पिएरो तारुफी तर घरच्याच मैदानावर होता. परक्या माणसाला हजार मैलांची वळणं लक्षात राहणं अशक्य. प्रत्येक चढाच्या टोकाला, पलीकडचं काही दिसत नसताना, त्याचा पाय आपोआप पेडलवरून उठणार. त्यात सेकंद जातात, आणि असे चढ शेकड्यांनी.

अमेरिकन ड्रायव्हर जॉन फिच आणि जेन्किन्सन यांच्या डोक्यात याच्यावर एक तोडगा घोळत होता: रस्ता आधी लिहून काढायचा. फिचच्या वाट्याला एसएलआर आली नाही. त्याने जेन्किन्सनला मॉसकडे मोकळं सोडलं, हा त्याचा मोठेपणा.

मग सुरू झाली किलोमीटरच्या दगडांची मोजदाद. दोघांनी सरावाच्या गाड्यांतून तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला आणि त्या भरात गाड्या ठोकल्याही. एकदा तर लष्कराच्या ट्रकवर. जेन्किन्सन लिहीत राहिला. कुठे ट्रामचे रूळ आहेत, कुठे खोलगट भाग, कुठे रस्ता उखडलाय, कुठे रेल्वे फाटक. वळणांचे त्याने तीन वर्ग केले: जरा चावट, भरवशाची नसलेली, आणि जिवावर बेतणारी. सर्वांत मोलाची नोंद मात्र उलटी होती. अमुक चढापलीकडे रस्ता सरळ आहे, पाय उचलू नकोस.

सतरा पानं भरली. उघड्या गाडीत, त्या वाऱ्यात, सुटी पानं कशी उलटायची? म्हणून सगळा मजकूर कागदाच्या एका सलग पट्टीवर उतरवला. तिची लांबी साडेपाच मीटर. पट्टी दोन रुळांवर गुंडाळून पेटीत बसवली, वर पारदर्शक खिडकी. एका रुळावरून सुटायची, दुसऱ्यावर चढायची.

पुढची अडचण सांगण्याची. दोघांनी मायक्रोफोन-इअरफोनची जोडणी करून पाहिली. आवाज पोचत होता, पण मॉस सगळं लक्ष पणाला लावून गाडी हाकू लागला की कानावर पडलेलं त्याच्या डोक्यात शिरेना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसणारा हात मात्र बरोबर कळायचा. तेव्हा पंधरा हस्तसंकेत ठरवले आणि यंत्र बाजूला ठेवलं. आज रॅलीतला सहचालक वळणं वाचून दाखवतो तेव्हा त्याची मुळं इथवर जातात, फक्त तो बोलतो आणि जेन्किन्सन मुका होता.

जेन्किन्सन काही नुसता लेखणीबहाद्दर नव्हता. एरिक ऑलिव्हरच्या साइडकारमध्ये बसून त्याने १९४९ चं जगज्जेतेपद मिळवलं होतं. साइडकारमधल्या माणसाला वळणावर अंग बाहेर झोकून द्यावं लागतं, डोकं रस्त्याच्या जवळ. दुसऱ्याच्या हाती आपला जीव देण्याची त्याला सवय होती. मिल्ले मिल्यात देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. आंधळ्या चढावर त्याने हात केला की मॉस ताशी २७० च्या वेगात पाय दाबून ठेवी आणि गाडी माथ्यावरून चक्क हवेत जाई. हाताने लिहिलेल्या एका ओळीवर इतका विश्वास कुणी टाकल्याचं दुसरं उदाहरण शर्यतींच्या इतिहासात सापडणं कठीण.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पादोवात मॉसने ब्रेक उशिरा लावले, गाडी गवताच्या भाऱ्यांवर आदळली आणि मागून आलेला प्रतिस्पर्धी कास्तेलोत्ती फेरारी घेऊन पुढे निघून गेला. गरमी आणि धूर यांनी जेन्किन्सनला मळमळलं. ओकायला तो बाजूला वाकला तसा वाऱ्याने चष्मा उडवला. पठ्ठ्याने दुसरा चष्मा सोबत ठेवला होता. काठोकाठ भरलेल्या टाकीतलं पेट्रोल मानेवर उसळलं, तेव्हा एक खूण मात्र चुकली. नशीब, ते वळण मॉसच्या ओळखीचं निघालं.

रोममध्ये जो पहिला तो ब्रेशियात पहिला नसतो, असा या शर्यतीचा जुना समज. मॉस रोममध्ये पहिला होता. ब्रेशियातही तोच पहिला आला: १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, सरासरी ताशी १५७.६५ किलोमीटर. दुसरा आलेला हुआन मानुएल फांजिओ, त्याच जातीच्या गाडीत पण एकटा, अर्ध्या तासाहून जास्त मागे पडला. हा विक्रम पुढे मोडला गेला नाही.

कौतुक इथवर ठीक. पण ती पट्टी दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकते. तिच्यात जागचं न हलणारं सगळं आहे, दगड, रूळ, पूल, वळण. हलणारं काहीच नाही. १९५४ मध्ये याच शर्यतीत हान्स हेरमान एका रेल्वे फाटकाशी पोचला तेव्हा दांडा खाली येत होता आणि आगगाडी समोर होती. थांबणं शक्य नव्हतं. त्याने सहकाऱ्याच्या हेल्मेटवर थाप मारली, दोघे खाली वाकले आणि बुटकी पोर्श दांड्याखालून निघून गेली. हा किस्सा हसत सांगितला जातो. रस्त्याच्या कडेला दाटीने उभ्या असलेल्या माणसांना मात्र वाकायला जागा नव्हती. १९३८ मध्ये बोलोन्यात एक गाडी गर्दीत घुसली होती. मृतांत लहान मुलं होती. शर्यतीवर बंदी आली, आणि काही वर्षांनी ती पुन्हा सुरूही झाली.

मॉसच्या विजयाला सहा आठवडे होत नाहीत तोच ल मां इथल्या शर्यतीत दुसरी ३०० एसएलआर धडकून प्रेक्षकांवर कोसळली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. हलकी म्हणून वापरलेली मॅग्नेशियमची बॉडी भडकून पेटली. हंगाम संपताच मर्सिडीजने शर्यती सोडल्या.

मॉस आणि जेन्किन्सन १९५६ मध्ये मासेराती घेऊन आले. पाऊस लागला, ओल्या घाटात गाडी रस्ता सोडून उतारावर गेली आणि झाडामुळे अडली. कोरड्या रस्त्याचे हिशेब ओल्यावर फारसे कामाचे नव्हते. १९५७ मध्ये तर ब्रेशिया सोडून थोडंच अंतर गेलं होतं, तोच ब्रेकचं पेडल मोडलं. कशीबशी गाडी थांबवून दोघे परतले.

त्याच दिवशी, १२ मे रोजी, ब्रेशिया जवळ आलेलं असताना गुइदित्झोलो गावापाशी स्पॅनिश उमराव आल्फोन्सो दे पोर्तागो याच्या फेरारीचा टायर फुटला. तो आणि त्याचा सहचालक एडमंड नेल्सन ठार झाले, कडेला उभे असलेले नऊ जणही. नऊपैकी पाच मुलं होती. सरकारने शर्यत बंद केली. गाडीचा निर्माता एन्झो फेरारी याच्यावर खटला चालला, त्यातून तो १९६१ मध्ये निर्दोष सुटला.

१९७७ पासून त्याच नावाने ब्रेशिया-रोम-ब्रेशिया असा फेरा पुन्हा निघतो. १९२७ ते १९५७ या काळातल्याच गाड्या त्यात घेतात. सर्वांत आधी पोचणारा जिंकत नाही. ठरलेला टप्पा ठरलेल्या वेळेत, सेकंदाच्या अंशापर्यंत नेमका पार करणारा जिंकतो.