फिरत्या विक्री टोळ्यांतील बालकांचे शोषण : जळगाव-धुळे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बालमजुरी म्हटले की चहाची टपरी, गॅरेज किंवा वीटभट्टी डोळ्यांसमोर येते. ही सर्व ठिकाणे स्थिर आहेत. तेथे फलक असतो, मालक असतो, तपासणीसाठी जाता येते. परंतु उदबत्ती, फुगे, खेळणी वा किरकोळ वस्तू घेऊन दारोदार फिरणारे बालक आज एका वसाहतीत, तर उद्या दुसऱ्या तालुक्यात असते. गृहिणी वस्तू घेते किंवा 'नको' म्हणून दार लावून घेते, आणि बालक पुढच्या दाराकडे वळते. त्या दोन मिनिटांत मिळालेले पैसे अखेरीस कोणाच्या हाती जातात, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने फिरत्या टोळीचे स्वरूप, खानदेशातील तिच्याशी मिळतीजुळती व्यवस्था आणि कायद्याची स्थिती यांचा विचार केला आहे.

फिरत्या टोळीचे स्वरूप

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पिढ्यानपिढ्या फेरीचा व्यवसाय करणारे कुटुंब आणि परक्याची मुले आणून त्यांच्याकडून विक्री करवून घेणारी टोळी या दोन भिन्न बाबी आहेत. पहिल्या बाबतीत प्रश्न मुख्यतः शिक्षणाचा असतो. दुसऱ्या बाबतीत तो गुलामगिरीच्या जवळ जातो. शोषणाच्या टोळीची चार लक्षणे सांगता येतील : १) पालकांना आगाऊ दिलेली रक्कम, २) गावापासून दूरचे अंतर, ३) सतत बदलता मुक्काम, आणि ४) हिशेब शेवटी करण्याची पद्धत. या चारही गोष्टी एकत्र आल्या की बालकास दाराला कुलूप न लावताही कोंडून ठेवता येते. परतीचे भाडे हाती नसलेले मूल पळून कोठे जाणार?

हा प्रश्न केवळ भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत मासिकांची वर्गणी दारोदार विकणाऱ्या तरुणांच्या टोळ्या अनेक दशके कार्यरत होत्या. मार्च १९९९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात अशा एका टोळीच्या व्हॅनला अपघात होऊन सात जण मृत्युमुखी पडले. मृतांपैकी एका तरुणीच्या वडिलांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये त्या राज्याने फिरत्या विक्री टोळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुक्काम बदलणाऱ्या व्यवसायास स्थिर आस्थापनांचे नियम पुरेसे ठरत नाहीत, हे त्या कायद्याने मान्य केले.

खानदेशातील समांतर व्यवस्था

उचल, मुकादम आणि हंगामी स्थलांतर हे शब्द खानदेशास नवे नाहीत. दसरा-दिवाळीनंतर चाळीसगाव, साक्री यांसारख्या तालुक्यांतून मजूर कुटुंबे ऊसतोडीस जातात. काही पश्चिम महाराष्ट्रात, तर काही दक्षिण गुजरातमधील बारडोली परिसरात जातात. खानदेशी मजुरांच्या या स्थलांतराचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून मांडला आहे. येथे नवरा-बायकोची जोडी 'कोयता' म्हणून मोजली जाते. सोबतचे मूल हिशेबात नसते, मात्र वाढे गोळा करणे आणि धाकट्या भावंडाला सांभाळणे हे काम त्याच्याकडे असते. साखरशाळा आणि नंतर हंगामी वसतिगृहे यांमुळे काही मुलांचे शिक्षण टिकले. तथापि मूल गावी ठेवण्यासाठी घरात आजी-आजोबा असणे किंवा वसतिगृह वेळेवर सुरू होणे, यांवर बरेच काही अवलंबून राहते.

आई-वडिलांविना मूल परक्याच्या फिरत्या व्यवसायात गेले तर काय घडते, याचे विदारक उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आढळले. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले अल्प रकमेच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे कामास ठेवल्याचे उघडकीस आले. त्यास निमित्त ठरला सुमारे दहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू. त्यानंतर वेठबिगारीविरोधी कायद्यान्वये गुन्हे दाखल झाले. येथे माल विकायचा नव्हता, मेंढ्या राखायच्या होत्या. परंतु आगाऊ रक्कम, दूरचे अंतर आणि बदलता मुक्काम ही लक्षणे तीच होती.

कायद्याची स्थिती

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील बालकास कोणत्याही व्यवसायात कामास ठेवणे निषिद्ध ठरले. मात्र कौटुंबिक व्यवसायात मदत करण्याची सवलत आहे, आणि 'कुटुंब' या संज्ञेत मामा, मावशी, काका, आत्या यांचाही समावेश होतो. त्यामुळे 'हा माझा भाचा आहे' एवढे उत्तर टोळीप्रमुखास पुरेसे वाटते. वस्तुतः ही सवलत शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीतच लागू होते. ऐन सत्रात गावापासून दोनशे किलोमीटरवर असलेले मूल शाळा सुटल्यावर मदत करीत आहे, असे म्हणता येणार नाही.

१४ वर्षांवरील मुलांची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा १४ वर्षे पूर्ण झालेल्यास विक्री प्रमाणपत्र मिळण्याची वाट मोकळी ठेवतो. त्यामुळे पंधरा वर्षांचा विक्रेता दिसल्यास तपासणी तेथेच थांबण्याचा संभव असतो. परंतु बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. त्याच्या कलम ७९ नुसार बालकास कामासाठी बंधनात ठेवणे, त्याची कमाई अडवून ठेवणे किंवा ती स्वतःसाठी वापरणे हा गुन्हा असून, त्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. विशेष म्हणजे सार्वजनिक ठिकाणी वस्तूंची विक्री हीदेखील या कलमात 'काम' मानली आहे. म्हणजेच 'वय किती?' या प्रश्नाने प्रकरण संपत नाही. 'पैसे कोणाकडे जमा होतात?' हा प्रश्न त्याहून निर्णायक ठरतो.

उपाययोजना

स्थिर कारखान्यावर छापा घालता येतो. फिरत्या टोळीस वाटेतच गाठावे लागते. भुसावळ आणि जळगाव ही मोठी रेल्वे जंक्शने, तर धुळ्याजवळ मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांस छेदतात. हीच ठिकाणे तपासणीची केंद्रे व्हावीत. दिवाळीनंतर हजेरीपटावर सलग गैरहजर दिसणाऱ्या मुलाची माहिती शिक्षकांनी ग्राम बाल संरक्षण समितीस द्यावी. टोळीच्या मुक्कामाची माहिती लॉजचालक व भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकांकडून सहज मिळू शकते. नागरिकांनी दारावर आलेल्या मुलास हुसकावून न लावता १०९८ या क्रमांकावर कळवावे. सापडलेल्या बालकास २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करणे बंधनकारक आहे. त्यास गुन्हेगार नव्हे, तर संरक्षणाची गरज असलेले बालक मानले जाते.

निष्कर्ष

फिरत्या टोळीतील बालक सर्वांना दिसते, म्हणूनच ते कोणाच्याही नोंदीत येत नाही. त्याच्या गावच्या शाळेत ते गैरहजर असते आणि ज्या गावात ते फिरते तेथे ते परके असते. कायद्यातील तरतुदी अपुऱ्या नाहीत. मात्र त्या लागू करताना वयाच्या दाखल्यासोबत कमाईचा माग काढला गेला पाहिजे. हा माग मुलाने ज्या दारावर हाक दिली, त्या दारापासूनच सुरू होऊ शकतो.