बाटलीतली गोळी आणि जवसाची चटणी

घरातील वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात अलीकडे एखादी पाहुणी बाटली आढळते. परदेशी असलेल्या मुलाने प्रेमाने पाठविलेली, वर ‘अँटिऑक्सिडंट’ असे ठळक छापलेली. ती उघडण्यापूर्वी आपण एक हकिकत जाणून घ्यावी.

शरीरात प्राणवायूच्या वापरातून काही अस्थिर रेणू सतत निर्माण होत असतात. ते पेशींना आणि रक्तातील मेदाला इजा पोहोचवितात. भाज्या-फळांतील रंगद्रव्ये, ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वे त्यांना आवर घालतात. मग तीच द्रव्ये गोळीतून भरपूर द्यावीत, हा विचार संशोधकांनाही पटला होता. फिनलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या, धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तो धक्कादायक होता: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. आपल्या घरात विडी-सिगारेट ओढणारे कोणी असेल, किंवा पूर्वी ओढत असेल, तर ती बाटली डॉक्टरांना दाखविल्याशिवाय उघडूच नये.

अन्नाची गोष्ट निराळी. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे ७,४०० ज्येष्ठांच्या अभ्यासात भाज्या, कडधान्ये यांच्या आहारासोबत काहींना ऑलिव्ह तेल, तर काहींना रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदामांसारखा सुका मेवा दिला गेला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारे मृत्यू त्यांच्यात सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले. पद्धतीतील त्रुटींमुळे २०१८ मध्ये त्याची फेरमांडणी झाली, तरी निष्कर्ष बहुतांशी टिकला.

ऑलिव्ह तेल महाग, आणि आमटीच्या फोडणीशी त्याचे फारसे जमतही नाही. त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस यांत असंतृप्त मेद विपुल आहे. जवसाच्या तेलात तर निम्म्याहून अधिक वाटा ओमेगा-३ गटातील आम्लाचा असतो. मात्र अख्खे जवस बरेचसे न पचताच बाहेर पडतात. म्हणून ते मंद आचेवर भाजून कुटावेत. कुटल्यावर हाच मेद हवेने लवकर खवट होतो. चटणी आठवड्यापुरतीच करावी आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. खवट वास येणारे दाणे ‘वाया कशाला’ म्हणून आजोबांच्या ताटात जाऊ नयेत, ही काटकसर नव्हे.

मेद आणि रंगद्रव्ये यांचे नातेही विसरू नये. गाजर, भोपळा, मेथी यांतील कॅरोटीन मेदाशिवाय नीट शोषले जात नाही. गाजराच्या कोशिंबिरीत चमचाभर दाण्याचे कूट घालण्याची आपली रीत येथे उपयोगी पडते. कवळी असलेल्यांनाही कूट सहज खाता येते; गिळण्यास त्रास होत असेल, तर अख्खे दाणे देऊच नयेत.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी पालकाची परात, असे झाल्यास औषधाचा मेळ बिघडतो. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या जादा मात्रेच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास दाणे व सुका मेवा किती खावा, हे डॉक्टरांनाच विचारावे. पुढच्या भेटीला जाताना ती बाटलीही पिशवीत घ्यावी.