पाऊस असो वा बर्फ, सराव थांबू नये

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर बर्फ पडत नाही. पण तिथला पाऊस धावणाऱ्यांची तितकीच परीक्षा पाहतो. महिनोन्‌महिने कमावलेला दम चार ओल्या महिन्यांत वाया जाऊ नये, यासाठी काय करावे?

नव्या वर्षाचा संकल्प म्हणून सुरू झालेले धावणे बहुतेक घरांत उन्हाळ्यापर्यंत टिकते. जानेवारीत दोन किलोमीटरला धाप लागणारा माणूस मे महिन्यात आठ-दहा किलोमीटर सहज धावू लागतो. वजन उतरते, झोप सुधारते, रक्तातली साखर आटोक्यात येते. मग पावसाळा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात एक दिवस चुकतो, दुसऱ्या आठवड्यात तीन, आणि गणपती येईपर्यंत धावायचे बूट चपलांच्या कपाटात मागे ढकलले जातात. दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात करावी, तर गाडी पुन्हा दोन किलोमीटरवर आलेली असते.

नोकरीनिमित्त बंगळुरूला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही अडचण अधिकच जाणवते. मुंबई-पुण्याचा पाऊस सप्टेंबरअखेर आवरता घेतो. बंगळुरूत मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच सर्वांत ओले महिने. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. २००४ पासून सुरू असलेल्या या शर्यतीसाठी सोळा आठवड्यांची तयारी धरली, तर ती सुरू होते सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे माहेरच्या गावी धावायचे स्वप्न आणि सर्जापूर रोडवरचा पाऊस यांची गाठ नेमकी तिथेच पडते. त्यात नवरात्र आणि दिवाळीचा फराळ आहेच!

दम किती दिवसांत जातो?

‘महिनाभर थांबलो म्हणून काय बिघडते?’ असे अनेकांना वाटते. बिघडते, आणि वाटते त्यापेक्षा लवकर. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नियमित सराव करणाऱ्यांना त्यांनी सराव पूर्ण थांबवायला लावला. पहिल्या तीन आठवड्यांतच त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनी ही घट सुमारे १६ टक्क्यांवर गेली. याचे पहिले कारण असे, की सराव थांबताच रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते आणि हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे ढकलले जाते. जिना चढताना लागणारी धाप हा त्याचाच पुरावा.

पण याच्या जोडीला एक दिलासा देणारी गोष्टही आहे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकात काही प्रयोग केले. दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे जोरकस सराव केलेल्या तरुणांचा सराव त्यांनी पुढील पंधरा आठवडे वेगवेगळ्या प्रकारे कमी केला. सहाऐवजी दोनच दिवस सराव केला, तरी कमावलेली क्षमता टिकून राहिली. ४० ऐवजी १३ मिनिटे केला, तरी प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकली. मात्र दीर्घकाळ तग धरण्याची ताकद थोडी घटली. पण सरावाचा जोर कमी केला, तेव्हा मात्र क्षमता घसरली.

याचा अर्थ गृहिणीपासून संगणक अभियंत्यापर्यंत सर्वांच्या उपयोगाचा आहे. अडचणीच्या काळात दिवस कमी करा, वेळ कमी करा. पण जेवढे कराल तेवढे जोर लावून करा. आणि आठवड्यातून एक दिवस तरी लांबचा पल्ला गाठा, म्हणजे तगही टिकेल.

बर्फाच्या देशातून धडा

बर्फाळ देशांतील लोकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. अमेरिकेच्या अलास्का राज्यातील क्रिस्टीन क्लार्क यांचे उदाहरण घ्या. त्या व्यवसायाने रोगनिदानतज्ज्ञ डॉक्टर, दोन मुलांची आई, वय ३७. अलास्कातील हिवाळा म्हणजे गोठवणारी थंडी, बर्फाने निसरडे झालेले रस्ते आणि जेमतेम काही तासांचा उजेड. घर, मुले आणि दवाखाना सांभाळून त्यांनी हिवाळ्यातला आपला बहुतेक सराव घरातल्या ट्रेडमिलवर केला. फेब्रुवारी २००० मध्ये ऑलिंपिकसाठीची अमेरिकेची महिला निवड मॅरेथॉन दक्षिण कॅरोलायनात झाली. त्या दिवशी हवा उष्ण होती. नावाजलेल्या धावपटू एकेक करून मागे पडत गेल्या आणि कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या क्लार्क पहिल्या आल्या! सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या धावल्या आणि १९व्या आल्या. बंद खोलीत पट्ट्यावर धावण्याचा उन्हात उपयोग झाला, यात नवल नाही. बंद खोलीत वारा नसतो, घाम जास्त येतो आणि शरीराला उष्णतेची सवय होते.

त्याआधी नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ यांनी १९७८ ते १९८८ या काळात न्यूयॉर्क मॅरेथॉन नऊ वेळा जिंकली. हिवाळ्यात पहाटेच्या अंधारात, ऑस्लोच्या गोठलेल्या रस्त्यांवर सराव करण्यासाठी त्या ओळखल्या जात.

आपल्याकडेही बर्फाशी नाते सांगणारा एक धावपटू आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटरचे अंतर पायी, धावत कापत. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या हिमात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी नोकरी केली. स्पर्धात्मक धावणे त्यांनी त्यानंतर, २०१५च्या सुमारास सुरू केले. २०१८ मध्ये त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसचा १९८१ पासून अबाधित असलेला गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले; सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ते मिळवलेच.

साताऱ्याच्या माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी तर बंगळुरूतच, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, सराव केला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून त्या दहाव्या आल्या. ज्या शहराच्या हवेत त्यांचा दम घडला, त्याच शहरात तुम्ही राहता, हे विसरू नका.

हवा वाईट नाही, रस्ता वाईट आहे

खरे पाहता बंगळुरूचा पावसाळा धावणाऱ्याला वरदानच आहे. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवरच्या या शहरात जुलैचे तापमान साधारणपणे २० ते २८ अंशांच्या दरम्यान असते. आकाश ढगाळ, हवेत गारवा. मुंबईच्या घामट हवेत सराव करणाऱ्यांना हेवा वाटावा असे हे दिवस!

मग अडते कुठे? अडते रस्त्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्जापूर रोड आणि बेलंदूरचा परिसर पाण्याखाली गेला, तेव्हा लोकांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. तलावांना जोडणारे जुने नाले बुजले किंवा अरुंद झाले, की सखल भागात पाणी साचणारच. पाणी साचलेल्या रस्त्यावर खड्डा कुठे, उघडे गटार कुठे, हे दिसत नाही. अशा पाण्यातून धावणे म्हणजे शौर्य नव्हे, निव्वळ अविचार. त्या पाण्यात विजेची तार पडलेली असू शकते, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखा आजारही होऊ शकतो.

वेळेचे गणित मात्र तुमच्या बाजूने आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला बंगळुरूचा गडगडाटी पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा रात्री येतो; पहाट अनेकदा कोरडी असते. तेव्हा सराव सकाळीच उरकावा. अमेरिकेतल्या कचेरीशी रात्री उशिरापर्यंत बोलणी चालत असतील, तर आठवड्यातल्या ज्या दोन रात्री मोकळ्या आहेत, त्यांच्या पुढच्या सकाळी धावण्यासाठी राखून ठेवा. रोज जमत नाही म्हणून हळहळण्यापेक्षा हे दोन दिवस पक्के पाळणे चांगले.

जागेचीही निवड करता येते. नागरिकांच्या पुढाकाराने पुन्हा जिवंत झालेल्या कैकोंडराहळ्ळी तलावाभोवती सुमारे दोन किलोमीटरची पायवाट आहे. पुढे अगराचा तलावही आहे. तिथे वाहने नाहीत, सोबतीला माणसे असतात आणि कंटाळा आलाच तर पाणपक्षी आहेत. ओल्या मातीवर मात्र पावले आखूड टाकावीत. महिलांनी आणि वयस्क मंडळींनी अंधारात एकट्याने न जाता दोघा-तिघांनी मिळून जावे. विजा कडाडू लागल्या तर लगेच पक्क्या इमारतीत शिरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

घरातल्या घरात

आठवडाभर झड लागली तर? तुमची इमारत हीच व्यायामशाळा समजा. सर्जापूर रोडवरच्या बहुतेक संकुलांत उंच इमारती आहेत. चौदा मजल्यांचा जिना म्हणजे सुमारे ४० मीटरचा चढ. पंधरा फेऱ्या केल्या तर ६०० मीटर होतात; सिंहगडाची पायवाट चढण्याच्या तोडीचेच हे! चढावे पायांनी आणि उतरावे लिफ्टने, म्हणजे गुडघ्यांवर ताण येत नाही. सुरुवात मात्र तीन-चार फेऱ्यांनीच करावी.

ट्रेडमिल असेल तर तिला १ टक्का चढ द्यावा. मोकळ्यावर वाऱ्याला कापत जाण्याचे श्रम त्यामुळे भरून निघतात. समोर पंखा आणि हाताशी पाणी ठेवावे. यांपैकी काहीच नसेल, तर दोरीवरच्या उड्या आणि वेगाने घातलेले सूर्यनमस्कार आहेतच.

आठवड्याची आखणी अशी करता येईल:

मंगळवार: एकूण ३५ ते ४० मिनिटे. दहा मिनिटे सावकाश धावून मग तीन-तीन मिनिटे असे धावा, की बोलताना वाक्य अर्ध्यात तुटावे. मध्ये दोन-दोन मिनिटे चाला. असे पाच वेळा करा.

गुरुवार: जिने किंवा दोरीवरच्या उड्या, २५ मिनिटे, त्यानंतर सूर्यनमस्कार.

रविवार: लांबचा पल्ला, पण गप्पा मारता येतील अशा संथ गतीने. पाऊस लागलाच तर अर्धे अंतर बाहेर आणि उरलेला वेळ जिन्यावर.

उरलेल्या दिवशी चालणे पुरेसे आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जोराचा सराव आणि जिने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. ताप असताना किंवा छातीत दुखत असताना धावू नये.

ओल्या बुटांसाठी साधा उपाय आहे. आतले तळवे काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी ते बदलावेत. उन्हाची वाट पाहावी लागत नाही. सुती मोजे भिजले की पायाला फोड येतात, म्हणून कृत्रिम धाग्याचे मोजे वापरावेत आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन लावावे.

बदली बर्फात झाली तर

सर्जापूर रोडवरच्या किती तरी घरांतून कुणी ना कुणी कामासाठी मिनिआपोलिस, शिकागो किंवा टोरांटोला जात असते. डिसेंबरात तिथे उतरल्यावर सराव सोडून द्यायचे कारण नाही. आत घाम शोषून घेणारा कपडा, मध्ये ऊब देणारा आणि बाहेर वारा अडवणारा, असे तीन थर घालावेत. सुती कपडा अंगाला लागून नको. तो भिजला की अंग गार पडते. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, कारण दहा मिनिटांत अंग तापते. सुरुवात वाऱ्याच्या दिशेला तोंड करून करावी आणि परतताना वारा पाठीवर घ्यावा, म्हणजे घामाने भिजलेल्या अंगाला बोचरा वारा लागत नाही. वाऱ्यासह जाणवणारे तापमान उणे २८ अंशांच्या खाली असेल, तर उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. अशा दिवशी घरातच राहावे. मिनिआपोलिसच्या मध्यवस्तीत इमारती जोडणारे सुमारे १५ किलोमीटरचे बंदिस्त पादचारी पूल आहेत. भर हिवाळ्यात तिथे झपाझप चालता येते.

घरच्यांची साथ

सराव एकट्याचा असला, तरी तो टिकतो घरच्यांच्या पाठिंब्यावर. रविवारी सकाळी नवरा दोन तास धावायला गेला आणि बायको नाश्ता, मुले व दूधवाल्यात अडकली, तर हा सराव घराला फार काळ मानवणार नाही. एका रविवारी त्याने धावावे आणि तिने घर पाहावे. पुढच्या रविवारी उलट. शनिवारी रात्रीच इडलीचे पीठ भिजलेले असले, तर मुलांचा नाश्ता कुणालाही करता येतो. मुलांनाही जिन्याच्या दोन फेऱ्यांत सामील करून घ्यावे. सणासुदीला मोदक आणि करंज्या खुशाल खाव्यात. मात्र मंगळवार, गुरुवार आणि रविवार सोडू नयेत.

आज बाहेर पाऊस असेल, तर चपलांच्या कपाटात मागे गेलेले बूट पुढे काढा. निदान जिन्याच्या तीन फेऱ्या होतील!