व्हिएन्ना ते त्रिएस्ते, पानगळीतल्या जुन्या रुळांवरून

युरोपात रेल्वेने फिरायचं म्हटलं की मराठी पर्यटकांचा मोर्चा हमखास स्वित्झर्लंडकडे वळतो. पण ऑक्टोबरात जाणार असाल, तर व्हिएन्नाहून दक्षिणेकडे निघणारी गाडी पकडा, असं मी आग्रहाने सांगेन. ग्राझ, मारिबोर, ल्युब्लियाना आणि शेवटी एड्रियाटिक समुद्रावरचं त्रिएस्ते. आज हा प्रवास ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि इटली अशा तीन देशांतून होतो. रूळ टाकले गेले तेव्हा मात्र ही सगळी शहरं एकाच हॅब्सबर्ग साम्राज्यात होती. राजधानी आणि बंदर जोडायचं म्हणून हा दक्षिण लोहमार्ग बांधला गेला, आणि १८५७ साली तो समुद्राला भिडला.

ग्लॉग्निट्झ मागे पडलं की सेमरिंगचा घाट सुरू होतो. १८४०च्या दशकात डोंगराच्या दोन्ही अंगांना रूळ येऊन थांबले होते आणि मधली खिंड प्रवासी घोडागाडीने ओलांडत. व्हेनिसमध्ये जन्मलेले अभियंते कार्ल गेगा यांनी इथून रेल्वे न्यायची असं ठरवलं, तेव्हा एवढा चढ चढणारं इंजिनच अस्तित्वात नव्हतं. काम १८४८ साली सुरू झालं आणि योग्य इंजिन शोधण्यासाठी स्पर्धा भरली ती १८५१ साली. इंजिन पुढे तयार होईलच, या भरवशावर डोंगर फोडला जात होता. मला या मार्गाचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते याचंच.

सरळ रेषेत जेमतेम २१ किलोमीटरचं अंतर, पण दऱ्याखोऱ्यांच्या कडेकडेने रूळ ४१ किलोमीटर फिरतात. १४ बोगदे आणि १६ मोठे कमानी पूल. त्यातला काल्टे रिन्नेचा पूल दुमजली आहे, कमानींवर कमानी, उंची ४६ मीटर. सुमारे २० हजार मजूर इथे राबले आणि पटकी, टायफससारख्या साथींत त्यातले शेकडो दगावले. १८५४ साली गाडी सुरू झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या बोरघाटाचं काम निघालं, आणि तिथेही पटकीने मजुरांचे असेच बळी घेतले. खंडाळ्याच्या बोगद्यांतून लहानपणापासून ये-जा केलेल्या माणसाला सेमरिंग परकं वाटत नाही. १९९८ साली युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

गाडीतून पूल पुरता दिसत नाही, कारण आपण त्याच्यावरच असतो. म्हणून सेमरिंग स्थानकावर उतरावं. तिथून रुळांच्या सोबतीने पायवाट जाते. ऑस्ट्रियाच्या जुन्या २० शिलिंगच्या नोटेवर एका बाजूला गेगा आणि दुसऱ्या बाजूला हा घाट छापलेला होता. नोटेवरचं ते दृश्य जिथून दिसतं ती जागा याच वाटेवर आहे. ऑक्टोबरात बीचची झाडं तांबूस झालेली असतात, लार्च पिवळेधमक, आणि मधूनच काळपट हिरवे सूचिपर्णी. त्यातून लाल गाडी वळण घेत येते.

घाट उतरल्यावर म्युर्त्सझुश्लाग. संगीतकार ब्राम्स यांनी १८८४ आणि १८८५चे उन्हाळे इथे काढून आपली चौथी सिंफनी रचली. पुढे ग्राझ. टेकडीवरच्या घड्याळ मनोऱ्यात तासकाटा मोठा आणि मिनिटकाटा लहान आहे, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याची वेळ हमखास चुकते. पण ग्राझमध्ये माझं मन रमतं ते भोपळ्याच्या बियांच्या तेलात. शरदात आसपासच्या शेतांत भोपळे पसरलेले असतात. बिया काढून भाजायच्या आणि त्यांचं तेल गाळायचं. बशीत ओतताना त्याचा जाड थर लालसर काळा दिसतो आणि पावाच्या तुकड्याने पसरला की तेच तेल हिरवंगार होतं. वास खमंग, दाण्यांच्या कुटाच्या जवळचा.

मारिबोरला द्रावा नदीकाठच्या एका घराच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल चढवलेला आहे. वय चारशे वर्षांहून अधिक, आणि अजून फळतो. शरदात त्याची तोडणी समारंभाने होते. त्याची वाइन इतकी थोडी निघते की ती छोट्या बाटल्यांत भरून मान्यवर पाहुण्यांना भेट दिली जाते.

ल्युब्लियानात सकाळी दाट धुकं असतं. ते विरेपर्यंत योझे प्लेच्निक यांनी रचलेल्या तिहेरी पुलाशी थांबावं आणि नदीकाठच्या बाजारात भाजलेले चेस्टनट खावेत. शहर छोटं आहे, एक दिवस पुरतो.

त्यापुढे कार्स्टचं चुनखडीचं पठार लागतं. पोस्तोयनाच्या गुहा याच वाटेवर आहेत. शरदात इथली रुज नावाची झुडपं लालभडक होतात आणि पांढऱ्या खडकांतून तो रंग मैलभर पसरतो. मग एकदम पठार संपतं आणि खाली समुद्र दिसतो. त्रिएस्तेकडे जाताना त्यासाठी उजवीकडची खिडकी धरा. काही गाड्या अलीकडेच थांबतात, तेव्हा शहराच्या मध्यवर्ती स्थानकापर्यंत जाणारीच गाडी बघून घ्या.

त्रिएस्ते १९१८पर्यंत ऑस्ट्रियाचं मुख्य बंदर होतं. तीन बाजूंना भव्य इमारती आणि चौथ्या बाजूला थेट समुद्र, असा तिथला मुख्य चौक. त्यातली एक इमारत लॉइड त्रिएस्तिनो या जहाज कंपनीची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिची जहाजं मुंबईला येत आणि आपल्याकडची कितीतरी माणसं त्यांतून युरोपला गेली. आता त्या इमारतीत प्रांतिक सरकारचं कार्यालय आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी इथे बार्कोलाना ही शिडाच्या होड्यांची प्रचंड शर्यत होते. त्या आठवड्यात जायचं तर राहण्याची जागा फार आधी ठरवावी लागते.

तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा आणि एकच चलन, युरो. तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, सीमेवर तपासणी होऊ शकते. आणि फार लांबणीवर टाकू नका. सेमरिंगखाली २७ किलोमीटरचा नवा बोगदा खोदून झाला आहे. २०३०च्या सुमारास तो सुरू झाला की वेगवान गाड्या घाट न चढता डोंगराच्या पोटातून जातील. थेट गाडीत बसून हा घाट पाहायचा असेल, तर त्याआधीच्या एखाद्या ऑक्टोबरात जाऊन या.