‘मला घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजी

दिवेलागणीची अस्वस्थता

वृद्धाश्रमातल्या मावशींना दिवेलागणीचे तास नेमके ठाऊक असतात. दिवसभर शांत असलेल्या आजी चारनंतर दाराकडे फेऱ्या घालू लागतात. ‘पोरं शाळेतून येतील, मला घरी जायचंय’ हा धोशा सुरू होतो. डिमेन्शियात मेंदूचं दिवस-रात्रीचं गणित बिघडतं, थकवा साचलेला असतो आणि अंधुक उजेडात सावल्याही माणसांसारख्या भासतात. म्हणून अंधारून येण्याआधीच दिवे लावा, टीव्हीवरच्या बातम्या बंद करा.

आधी शरीर पाहा

एक-दोन दिवसांत अचानक वाढलेली भ्रमिष्टता म्हणजे डिमेन्शिया बळावला, असं समजू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखणं सांगता येत नसलेला माणूस ओरडूनच सांगतो.

वाद घालू नका

‘आजी, तुमची मुलं आता पन्नाशीची झाली’ हे खरं असलं तरी त्या क्षणी आजींना ते दरडावल्यासारखं वाटतं. वयोवृद्धांना तारीख-वार घोकायला लावण्याचे तोटे नेओमी फाइल यांनी जवळून पाहिले होते. त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका वृद्धाश्रमातच लहानाच्या मोठ्या झाल्या. चुका दुरुस्त करण्यापेक्षा भावनेला उत्तर द्यावं, हा त्यांच्या ‘व्हॅलिडेशन’ पद्धतीचा गाभा. तिच्या परिणामांचा शास्त्रीय पुरावा तोकडा आहे, पण माणसाशी माणसासारखं बोलायला तेवढ्यासाठी थांबायचं कारण नाही.

समोरून जा, खाली बसून नजर जुळवा. ‘पोरांची काळजी वाटतेय ना? धाकटा आल्या आल्या काय मागायचा खायला?’ आजी थालीपीठाचं सांगू लागतात, भाजणीत काय काय घालायच्या तेही सांगतात. बोलत बोलत चार पावलं बरोबर चाला, मग वाटाणे सोलायला किंवा वाती वळायला जोडीनं बसा. वर्षानुवर्षांची हातांची सवय नावांपेक्षा उशिरा पुसली जाते. ‘मुलं आत्ता येतील’ असं मात्र खोटं सांगू नये. मग आजी दार सोडतच नाहीत.

गोळी आणि दोरी

खुर्चीला बांधल्यानं भीती वाढते, इजाही होते. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकानं 2005 मध्ये दिला. रुग्णाला किंवा इतरांना खरंच धोका असेल तरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि थोड्या काळासाठी त्या द्याव्यात.

नातेवाइकांसाठी

आईला दाखल करताना औषधांच्या यादीसोबत एक कागद द्या: तिला घरी काय म्हणून हाक मारत, गाव कोणतं, काम काय करायची, चहा कसा लागतो, कशाची भीती वाटते. आणि वृद्धाश्रम निवडताना खोल्या बघून झाल्या की एकदा संध्याकाळी सहा वाजता न सांगता जाऊन या.