जुनी मोटार घेताना : किंमत एकदाच, वैरण रोज

बाजारात बैल घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. बैल कोणाच्या दावणीचा, याची चौकशी करतो. आणि मनात एक हिशेब सतत चालू असतो, की याला दिवसाला वैरण किती लागेल? माणदेश हा खिलार जनावरांचा मुलूख. इथल्या जाणत्या माणसाच्या गळ्यात वाईट बैल बांधणे सोपे नाही. पण त्याच घरातला मुलगा जुनी मोटार घ्यायला जातो, तेव्हा रंग पाहतो, गाणी वाजवून पाहतो आणि भाव पाडल्याच्या आनंदात पैसे मोजून घरी येतो. वैरणीचा हिशेब करायचा राहूनच जातो.

वाचकहो, म्हसवडच्या परिसरात मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. जिल्ह्याचे ठिकाण सातारा इथून सुमारे नव्वद किलोमीटर. तालुक्याची कचेरी दहिवडीला. कोणाची नोकरी आटपाडीकडे, कोणाची पंढरपूरच्या वाटेवर. घरची शेती आणि म्हातारी माणसे सोडून नोकरीच्या गावी बिऱ्हाड करणे सर्वांनाच जमत नाही. एस.टी.ची वेळ जुळत असेल तर तिच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. महिलांना तर १७ मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास आहे. ज्यांची वेळ जुळत नाही, ज्यांना रात्रपाळी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझी स्वतःची चूक

मी बी.एस्सी. कृषी झालेला माणूस. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय पिशवी फोडू नका, पावती जपून ठेवा, असे गावोगाव सांगत फिरतो. पण २०१४ साली मी एका दलालाकडून जुनी डिझेल गाडी घेतली, ती आर.सी. बुक नीट न वाचता. काटा बासष्ट हजार किलोमीटर दाखवत होता. पहिल्याच मोठ्या दुरुस्तीच्या वेळी मेस्त्रीने जुन्या सर्व्हिसिंगची नोंद काढली, तर ती गाडी दोन वर्षांपूर्वीच एक लाखाच्या पुढे गेलेली! काटा मागे फिरवलेला होता. इंजेक्टर आणि क्लच यांनी वर्षभरात गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा खाल्ला. वर आर.सी. बुकावर पहिल्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. तो उतरून गाडी माझ्या नावावर व्हायला सात महिने लागले. दुसऱ्याला सल्ला देणाऱ्याने आधी आपले घर पाहावे, हा धडा मी तेव्हा शिकलो.

म्हणून गेल्या हंगामात एक ओळखीचे जोडपे माझ्याकडे आले, तेव्हा मी आधी वही-पेन घेऊन बसलो. नवरा डाळिंबाची बाग करतो. बायको परिचारिका, दवाखाना पंचेचाळीस किलोमीटरवर. आठवड्यातून तीन दिवस तिला रात्री उशीर होतो. बागेचे पैसे आले होते. त्यातून बाग पुन्हा धरायची, मुलीची फी भरायची आणि राहतील त्यातून गाडी घ्यायची, असा बेत होता. दोन गाड्या पाहिलेल्या. एक मोठी, सात माणसे बसणारी पेट्रोल गाडी, दोन लाख नव्वद हजारांना. दुसरी लहान, साडेतीन लाखांना. नवऱ्याचा ओढा मोठीकडे. "साहेब, साठ हजार वाचत्यात, आणि जत्रेला सगळं घर बसतंय," असे त्याचे म्हणणे.

वैरणीचा हिशेब

आम्ही मांडलेला हिशेब असा. जाऊन-येऊन रोज ९० किलोमीटर. महिन्याचे २४ दिवस. म्हणजे २१६० किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. आपण आपल्या पंपावरचा त्या दिवसाचा भाव घालावा.

मोठ्या गाडीचे ॲव्हरेज १५ धरले, तर महिन्याला १४४ लिटर, म्हणजे १५,१२० रुपये. लहान गाडीचे २० धरले, तर १०८ लिटर, म्हणजे ११,३४० रुपये. फरक महिन्याला ३,७८० रुपयांचा. वर्षाला ४५,३६० रुपयांचा. स्वस्त गाडीत वाचलेले साठ हजार सोळा महिन्यांत पेट्रोलच्या टाकीत जाणार, आणि पुढे दर महिन्याला खड्डा पडतच राहणार. टायर, विमा, दुरुस्ती यांचा खर्चही मोठ्या गाडीला मोठाच.

हिशेब पाहून ताई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पगारातनं दर महिन्याला जवळजवळ चार हजार जत्रेच्या एका दिवसासाठी द्यायचे!" नवरा हसला आणि गप्प बसला.

आता ॲव्हरेज कोणते धरायचे? विकणाऱ्याचे नव्हे. कंपनीच्या पत्रकातले तर मुळीच नव्हे. तो आकडा ठरावीक चाचणीत काढलेला असतो. आपल्या रस्त्यावर चढ, खड्डे, उसाच्या ट्रॉल्या, उन्हाळ्यातला ए.सी. हे सारे आहे. त्याच बनावटीची गाडी रोज चालवणाऱ्या दोघा-तिघांना विचारा. खरे ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, काटा लिहून घ्यायचा, दोन-तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर.

पेट्रोल, डिझेल की सी.एन.जी.?

डिझेल ९२ रुपये लिटर आणि ॲव्हरेज २० धरले तर वरच्याच प्रवासाला ९,९३६ रुपये. सी.एन.जी. किलोला ९० रुपये आणि किलोला २४ किलोमीटर धरले तर ८,१०० रुपये. कागदावर सी.एन.जी. जिंकते. पण पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का? तिथे रांग किती? गॅससाठी वीस किलोमीटर वाकडी वाट करावी लागली तर फायदा वाटेतच सांडतो. बाहेरून किट बसवले असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकावर हवी आणि टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी झाल्याचे प्रमाणपत्र हवे. नसेल तर ती गाडी सोडून द्या. घरची माणसे त्या टाकीपुढेच बसणार आहेत.

लहान डिझेल गाड्या आता बहुतेक जुन्याच मिळतात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बी.एस. ६ नियम आले, आणि मारुतीने तेव्हापासून डिझेल गाड्या करणेच बंद केले. डिझेल गाडीची दुरुस्तीही महाग पडते. रोजची फेरी लांब असेल आणि गाडीची सर्व्हिसिंगची नोंद चोख असेल, तरच तिचा विचार करावा.

पेट्रोलबद्दल एक नवी गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या उसापासून आणि मक्यापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, अशा मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. वीस देणारी गाडी १९ च्या आत येईल. जुनी गाडी घेताना इतका फरक धरूनच हिशेब करा, आणि इंधनाच्या रबरी नळ्या मेस्त्रीकडून तपासून घ्या.

दात आणि खूर

गाडी सकाळी पाहावी, आणि इंजिन थंड असताना. "आधीच चालू करून ठेवतो," असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. थंड इंजिन एका दमात चालू झाले पाहिजे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर म्हणजे इंधन वाया जाते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर पाणी इंजिनात उतरते आहे. ऑइलचे झाकण उघडून पाहा. आत ताकासारखा फेस दिसला तर सौदा तिथेच संपवा.

काट्यावर विश्वास ठेवू नका. पायाखालचे रबर, स्टिअरिंग आणि चालकाची सीट पाहा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचे पेडल गुळगुळीत झालेले नसते. टायरवर कडेला चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर चाकांची रांग बिघडली आहे किंवा गाडीने मार खाल्ला आहे.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये सांगली-कोल्हापूरकडे मोठे पूर आले. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते, पण तिची वायरिंग आतून कुजत जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालचा गंज आणि गालिच्याचा कुबट वासही चोर पकडून देतो.

लांबच्या रोजच्या प्रवासाला सुरक्षिततेकडेही बघा. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, आणि ब्रेकची चाके जाम न होऊ देणारी ए.बी.एस. व्यवस्था त्याच वर्षी एप्रिलपासून. रात्रीच्या वेळी दिवे नसलेली ट्रॉली अचानक पुढे येते, तेव्हा याची किंमत कळते. थोडे पैसे जास्त गेले तरी त्यानंतरची गाडी मिळत असेल तर ती घ्यावी.

आणि बनावट अशी निवडावी, की जिचे सुटे भाग म्हसवड-दहिवडीत मिळतात आणि जिला गावचा मेस्त्री हात लावू शकतो. आल्टो, वॅगन आर यांसारख्या गाड्या खेड्यापाड्यांत टिकून आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

सात-बारा आणि फेरफार

जमीन घेताना आपण सात-बारा पाहतो. गाडीचा सात-बारा म्हणजे आर.सी. बुक. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून कर्जाचा बोजा, विमा आणि पी.यू.सी.ची मुदत पाहता येते. चेसिसचा नंबर गाडीवर वाचून बुकाशी ताडून घ्या. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ. कार्यालयाकडची असेल तर तिथला ना-हरकत दाखलाही मागा. घेणाऱ्याने तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते, आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज द्यायचा असतो.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि पर्यावरण कर आलेच. तेरा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते यावरून समजावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

जे आपली जुनी गाडी विकतात त्यांनाही सांगतो. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊन मोकळे होऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. पुढच्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर भरपाईची नोटीस आपल्या दारात येते. जमिनीइतकाच गाडीचा फेरफारही वेळेवर व्हायला हवा.

त्या जोडप्याने लहान गाडी घेतली. मेस्त्रीला पाचशे रुपये देऊन आधी तपासून घेतली. पुढचे दोन टायर जुने निघाले, तेवढे पैसे भावातून कमी करून घेतले. आता गाडीत एक छोटी वही असते. त्यात किती लिटर भरले आणि काटा किती, हे ताई स्वतः लिहितात. परवा त्यांनी ती वही मला दाखवली. एका महिन्यात ॲव्हरेज दोनने घसरलेले दिसले, म्हणून हवा तपासली, तर दोन चाके मऊ होती. हवा भरली आणि गाडी पुन्हा जागेवर आली.

बाग धरली तेव्हा खताच्या पैशासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही, हे नवऱ्याने मला बांधावर उभे राहून सांगितले. वाचकहो, गाडी पाहायला निघण्यापूर्वी ही वही घाला, आणि पहिल्या पानावर वैरणीचा हिशेब लिहा. मग गाडीचा रंग कोणता असावा, ते घरच्या पोरांना ठरवू द्या.